बिनधुराचा घाट

गाडीची ताकद वाढवून द्या, म्हणत माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांना ताकद नको असते, आवाज हवा असतो. नांदगावात हायवेच्या कडेला माझं गॅरेज आहे आणि अर्धं आयुष्य मी लोकांच्या बॉनेटखाली डोकं घालून काढलंय, त्यामुळे हे मी अनुभवाने सांगू शकतो. एकाला लग्नाच्या वरातीपुरता जीपचा सायलेन्सर काढून हवा होता. वरात संपली तरी तो सायलेन्सर बसवायला आला नाही. शेवटी वाडीतल्या म्हशी पान्हा चोरायला लागल्या, तेव्हा त्याचा सासरा स्वतः जीप घेऊन आला. दुसऱ्या एकाने विचारलं होतं की इंजिनाला हात न लावता, नुसते पट्टे मारून काही फरक पडेल का. मी म्हटलं, पडेल, पण गाडीत नाही, तुमच्यात. त्याला ते पटलं आणि तो दोन लाल पट्टे मारून समाधानाने गेला.

या गोष्टी आमच्या घरी जेवताना इतक्या वेळा सांगून झाल्यात की माझी बायको शुभांगी शेवट आधी सांगून टाकते आणि मला सुरुवातीला अडकवून ठेवते. फक्त इनासमास्तरांच्या गाडीची गोष्ट ती मला पुरती सांगू देते. त्या गोष्टीत तिचंही काम आहे म्हणून.

इनासमास्तर मालवणजवळच्या एका वाडीतले. ख्रिस्ती घर, वडिलांची लाकडी होडी, मास्तर स्वतः हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेले. त्यांचे थोरले भाऊ दुमिंगबाब जहाजावर इंजिनखात्यात नोकरीला होते. त्या दुमिंगबाबांनी ऐन उमेदीत गोव्यातल्या कुणाकडून तरी एक जुनी विलायती स्पोर्ट्स कार घेतली. दोन दारं, दोनच माणसांची जागा, कापडी छप्पर, पुढे हे लांब नाक, आणि रंग पिकल्या काजूबोंडाचा. मी तेव्हा कॉलेज सोडलं होतं (कॉलेजने मला सोडलं होतं, असं शुभांगी म्हणते) आणि नांदगावच्या तिठ्यावर उभा राहून जग बघण्याचं काम करत होतो. ती गाडी आधी ऐकू यायची, मग तिचा धूर दिसायचा आणि मग ती स्वतः. ती गेल्यावर पेट्रोलचा वास रस्त्यावर रेंगाळत राहायचा. लोक मोगऱ्याचा वास घेतात तसा मी तो घेतला आहे. पुढे मी मेस्त्री झालो त्याचं खापर मी त्या वासावर फोडतो. वडिलांनी ते मरेपर्यंत माझ्यावरच फोडलं.

गाडी जुनी होत गेली आणि दुमिंगबाबही. कोल्हापूरला त्यांची मुलगी फिलू असते. एकदा तिच्याकडे जाताना, वैभववाडीच्या पुढचा घाट चढताना, एका वळणावर गाडी दमली आणि बसली. उसाच्या रिकाम्या ट्रकने दोर बांधून तिला वरपर्यंत ओढत नेली. ज्या माणसाने जहाजांची इंजिनं चालवली, तो एका ट्रकच्या मागे हात मांडीवर ठेवून वर गेला. दुमिंगबाब मुलीकडे राहिले ते राहिलेच. मास्तरांनी मेस्त्री नेऊन गाडी कशीतरी परत आणली. मग दुमिंगबाबांना काचबिंदू झाला, नजर जवळजवळ गेली. दर वर्षी फेस्ताला, म्हणजे वाडीतल्या चर्चच्या सणाला, मास्तर फोन करायचे आणि ते सांगायचे, मी येईन तर माझ्याच गाडीतून, नाहीतर कोल्हापुरात पण सिमेत्री आहे. सिमेत्री म्हणजे दफनभूमी. मास्तर हे सांगताना हसायचे, पण डोळे हसायचे नाहीत.

मास्तर माझ्याकडे आले तेव्हा गाडी टेम्पोत होती. सोबत दोन दुखणी. एक, घाट चढत नाही. दोन, नोंदणीची मुदत संपली होती आणि जुन्या गाडीची नोंदणी पुन्हा करायची तर तपासणी आली, धुराचं प्रमाणपत्र आलं. तपासणीचे साहेब गाडीभोवती प्रेमाने एक फेरी मारून म्हणाले होते, "मास्तर, गाडी फार सुंदर आहे. पण मागे डास मारायचं यंत्र लावल्यासारखं दिसतंय."

"बाबी," मास्तर मला म्हणाले, "हिका ताकद व्हयी आणि धूर नको. फेस्ताच्या आदी."

आता बाहेरच्या माणसाला वाटेल, यात अवघड काय. म्हणून थोडं धंद्याचं सांगतो. इंजिन म्हणजे चूल. लाकूड, वारा आणि काडी. आमच्या धंद्यात लाकडाच्या जागी पेट्रोल, काडीच्या जागी ठिणगी. चुलीत लाकडं कोंबली आणि वारा कमी पडला की धूर होतो आणि भात मात्र शिजत नाही. धूर म्हणजे न जळलेलं लाकूड, म्हणजे वाया गेलेली ताकद. तरीही आमचे जुने मेस्त्री, आणि त्यांच्याकडे शिकलेला मी, गाडी ओढत नाही म्हटलं की आधी पेट्रोल वाढवायचो. कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारं भांडं, त्याच्यावर एक बारीक स्क्रू असतो, तो अर्धा फेरा फिरवायचा. गिऱ्हाईक खूश, कारण आवाज जाड व्हायचा. मग धुराच्या चाचणीच्या दिवशी तोच स्क्रू उलटा पिळायचा, गाडी दमेकऱ्यासारखी चालायची पण धूर कमी दाखवायची, आणि प्रमाणपत्र मिळालं की नाक्यावर येऊन स्क्रू पुन्हा होता तिथे. हे सगळा जिल्हा करायचा. मी मास्तरांनाही हाच सोपा मार्ग सुचवला.

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. माझी शाळा दुसरी होती, पण त्या चष्मा पुसण्याने मला सातवीतला गणिताचा तास आठवला.

"परीक्षेपुरतो अभ्यास माका शाळेत चललो नाय," ते म्हणाले, "हय पण चलूचो नाय."

दुसरा मार्ग म्हणजे नव्या गाडीचं इंजिन आणून बसवणं. पण इंजिन बदलायचं तर परवानगी लागते, ती मिळेपर्यंत फेस्त होऊन जाईल. आणि शिवाय मास्तर म्हणाले की मग ती गाडी कसली, ते म्हणजे दादाच्या शर्टात दुसरा माणूस. म्हणजे जे इंजिन आहे त्याच्याकडूनच जास्त काम काढायचं होतं, आणि त्याने तोंड उघडायचं तर धूर न काढता.

मी कामाला लागलो. खरं सांगायचं तर माझ्या धंद्यातले ते सगळ्यात आनंदाचे आठवडे. आमच्याकडे तोवर नव्या गाड्या यायला लागल्या होत्या, ज्यांना वायर लावून पडद्यावर आजार वाचायचा असतो. मेस्त्री कमी, टायपिस्ट जास्त. आणि इथे दोन कार्बोरेटरची जोडी समोर होती. दोघांनी सारखीच हवा ओढली पाहिजे. ते जुळवायला एक रबराची नळी घ्यायची, एक टोक कानात, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी, आणि दोघांचा फुसफुसाट सारखा होईपर्यंत स्क्रू फिरवायचा. शुभांगी म्हणायची, बायकोचं ऐकायला हाच कान का नाही लागत.

आधी झिजलेल्या वाल्व घासून बसवल्या, म्हणजे गळती थांबली. ठिणगीचं जुनं यंत्र काढून त्या जागी न झिजणारं नवं घातलं. आजच्या पेट्रोलात इथेनॉल असतं, ते जुन्या रबराला फुगवून विरघळवतं, म्हणून नळ्या सगळ्या बदलल्या. मग हेड, म्हणजे इंजिनाचं झाकण, कोल्हापूरला पाठवून खालून किंचित घासून घेतलं. झाकण घासलं की आतली जागा लहान होते, हवा-पेट्रोल जास्त दाबलं जातं आणि त्याच घोटभर पेट्रोलातून जास्त जोर निघतो. इथे मी माझी हुशारी दाखवली. थोडं घासायच्या जागी थोडं अधिक घासून आणलं. इंजिन सुरू केलं तर आत कुणीतरी हातोडीने नारळ फोडतंय असा ठोका. दाब जास्त झाला की पेट्रोल ठिणगीची वाट न बघता आपणच पेटतं, त्याचा तो आवाज. मास्तरांनी विचारलं, हे ताकदीचं लक्षण का. मी म्हटलं, हे माझ्या अकलेचं लक्षण. झाकणाखाली जाड गॅस्केट, म्हणजे सांधा बंद करणारी चकती, घालून तेवढी जागा परत दिली, तेव्हा ठोका थांबला.

शेवटी सायलेन्सर. इंजिनाने श्वास घ्यायला आपण मोकळीक दिली, तर सोडायलाही द्यायला हवी. जुनी नळी चेपलेली, आतून गंजून अर्धी झालेली. मी नवी, थोडी रुंद नळी वाकवून जोडून दिली. मास्तरांना गाडी आठवडाभर चालवायला दिली, इंजिन जरा रुळावं म्हणून. ते परत आले ते उडत. गाडी मालवणचे चढ गाणं म्हणत चढते, म्हणाले. मग आम्ही दोघे कणकवलीला माझा मित्र सुहास याच्याकडे गेलो. त्याचं धूर तपासणीचं केंद्र आहे. यंत्राची नळी सायलेन्सरमध्ये घातली की दोन आकडे येतात. एक विषारी वायूचा, एक न जळलेल्या पेट्रोलाचा. जुन्या गाड्यांना नियमात थोडी सूट असते, त्यामुळे मी निवांत होतो.

पहिला आकडा इतका छान आला की सुहासने यंत्राला चापट मारून पुन्हा घेतला. दुसरा आकडा बघून त्याने यंत्राला दुसरी चापट मारली. सूट धरूनही तो कितीतरी वर होता. म्हणजे यंत्राचं म्हणणं, चूल एकदम स्वच्छ जळतेय, आणि त्याच वेळी अर्धं लाकूड तसंच बाहेर पडतंय. असं कधी होत नाही. आणि यंत्र थेट सरकारी संगणकाला जोडलेलं, त्यामुळे मैत्री मध्ये घालायची सोय नाही.

गाडी गॅरेजात आणली. मी वाल्व पुन्हा काढल्या, पुन्हा बसवल्या. कार्बोरेटर खोलले. ठिणगी पुढे-मागे करून पाहिली. प्लग पाहिले तर ते भाजलेल्या बिस्किटाच्या रंगाचे, म्हणजे जळण उत्तम. दिवस जात होते, मास्तर रोज एसटीने यायचे, बाकड्यावर बसायचे आणि काही विचारायचे नाहीत. फेस्ताला आठवडाही उरला नव्हता. तिकडे त्यांनी दुमिंगबाबांना या वेळी नक्की, असं सांगून ठेवलं होतं. फिलूने सांगितलं होतं की बाबांनी कोट इस्त्रीला दिलाय. मला झोप लागेना, आणि माझ्यामुळे शुभांगीला.

एका दुपारी ती माझा डबा घेऊन गॅरेजात आली. मी इंजिन चालू ठेवून, डोकं आत घालून बसलो होतो. ती दारातच थांबली.

"हय बांगडे कोण भाजता?"

मी म्हटलं, कुणी नाही. ती म्हणाली, मग ही मांजरं काय वर्गणी मागायला आलीत? मी वर पाहिलं. गाडीच्या मागे नांदगावातली झाडून सगळी मांजरं ओळीने बसली होती, तोंडं सायलेन्सरकडे. मी गेले कितीतरी दिवस त्या वासात काम करत होतो. नाकाला पेट्रोलाशिवाय काही कळत नाही, हा आमच्या धंद्याचा रोग. मास्तर बाकड्यावरून हळूच उठले.

आमच्या किनाऱ्यावर लाकडी होड्यांना मोरी माशाच्या काळजाचं तेल लावत. लाकूड खाऱ्या पाण्यात टिकतं, वास मात्र सात समुद्रांपार जातो. मास्तरांच्या घरात त्याचा एक जुना डबा अजून होता.

"बापूस नव्या फळयेक आतसून-भायरसून तेल लाय," मास्तर म्हणाले. "म्हटलंय, पाइप पण नवो आसा. खाऱ्या वाऱ्यान गंजात."

काठीला फडकं गुंडाळून त्यांनी माझ्या नव्याकोऱ्या नळीला आतून, हात पोचेल तिथवर, मोरीचं तेल चोपडलं होतं. तेही एकदा नाही, बापूस करायचा तसं, तीन हात. इंजिन बिचारं स्वच्छ धूर सोडत होतं आणि तो गरम धूर वाटेत मासे तळत यंत्रापर्यंत जात होता. मास्तर इतके कानकोंडे झाले की मला त्यांच्यावर रागावताही येईना. ते म्हणाले, आयुष्यभर मुलांना सांगितलं, उत्तर चुकलं तर आधी आपलीच पायरी तपासा. मी म्हटलं, मास्तर, मोरीचं तेल कुठल्याच पायरीत बसत नाही.

नळी उतरवली, परसात लाकडाच्या आगीवर लालबुंद होईतो भाजली. त्या संध्याकाळी आमच्या वाडीत कुणीच मासे केले नाहीत. वासानेच जेवल्यासारखं झालं, असं शेजारी म्हणत होते. दुसऱ्या दिवशी सुहासचं यंत्र दोन्ही आकड्यांना हो म्हणालं. नंतरच्या तपासणीत साहेब गाडीच्या मागे वाकून बसले, नळीच्या तोंडाशी हात धरून पाहिला, उठले आणि म्हणाले, "चालू आहे ना?"

उरला घाट. ठरलं असं की फिलू दुमिंगबाबांना गगनबावड्यापर्यंत आणून सोडेल आणि तिथून मास्तर त्यांना खाली घेऊन येतील. मी माझा डिझेलचा जुना पिकअप घेऊन मागे. मास्तर एकटेच होते, त्यांनी देवाला हात जोडले आणि गाडी डोक्यावर दुधाची घागर असल्यासारखी वर नेली. ती कुठेही कुरकुरली नाही. कुरकुरत होतो तो मी, कारण पिकअपच्या धुराने मला माझाच आरसा दिसत नव्हता. जगाच्या गाड्या स्वच्छ करणाऱ्याची ही गाडी. डॉक्टरच्या घरात खोकला म्हणतात तसं.

वर दुमिंगबाब उभे होते. इस्त्रीचा कोट, हातात काठी, ताठ. त्यांनी चाचपडत बॉनेटवर हात ठेवला, मग मान वाकडी करून इंजिन ऐकलं. मग आत बसले, आणि घाटभर कान इंजिनाकडे. खाली वैभववाडीच्या अलीकडे मास्तर थांबले, मी पण मागे थांबलो, म्हटलं आता चहा घेऊ. तर दुमिंगबाब मास्तरांना म्हणत होते, आवाज नाही, वास नाही, ही गाडी घाट चढून आली यावर मी विश्वास ठेवू?

"टेम्पोत घालून हाडलंस असशीत," ते म्हणाले.

मास्तर म्हणाले, दादा, देवाशपथ चढली. मी खिडकीशी जाऊन माझीही साक्ष दिली, पण मेस्त्र्याची साक्ष जगात कोण धरतो.

"उतरूक काय, धोंडो पण उतरता," दुमिंगबाब म्हणाले. "फिरव. चढव बघया."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. दोन माणसं, जुनं इंजिन, उन्हं चढलेली. वाडीत फेस्ताचं जेवण वाट बघत होतं. मी मान हलवली, कारण नाही म्हणण्याचा पर्याय मला दिसत नव्हता. गाडी फिरली. दुमिंगबाबांनी उजवा हात पुढे केला आणि गिअरच्या दांड्यावर ठेवला.

"पाय तुझे, हात माझो."

मी मागे गेलो नाही. माझा पिकअप पुन्हा तो घाट चढला नसता. रस्त्याच्या कडेला उभा राहून मी ऐकत राहिलो. दुसरा गिअर, तिसरा. डोळ्यांनी न दिसणारा एक माणूस आणि एक गणिताचा मास्तर, दोघे मिळून एक ड्रायव्हर, आणि गिअर लोण्यातून सुरी फिरावी तसे पडत होते. आवाज वळणामागे जाई, पुन्हा वरच्या कड्याला लागून येई. मग तो थांबला. एकदम, मध्येच.

कुठे थांबला ते मला माहीत होतं. ट्रकने दोर बांधला ते वळण. मी पिकअपमध्ये दोर शोधायला लागलो. काय उकळलं असेल, कोणती नळी सुटली असेल, सगळं इंजिन मी मनात पुन्हा खोललं. वर नुसतं रान. आणि मग इंजिन लागलं. उभ्या चढावर, थांबल्या जागेवरून गाडी निघण्याचा तो आवाज, जराही न अडखळता, वर, आणखी वर, ऐकू येईनासा होईपर्यंत.

नंतर मास्तरांनी सांगितलं. त्या वळणावर दादा म्हणाला, हय बंद पडलेली, हयच बंद कर. केली. मग हँडब्रेक लावून दोघे तिथे बसून राहिले. मग म्हणाला, आता चालू कर.

ते दोघे खाली आले तेव्हा मी दोर पिकअपमध्ये मागे ढकलून उभा होतो. दुमिंगबाबांचा हात अजून गिअरवर होता. मी विचारलं, कशी वाटली? खरं तर मला शाबासकी हवी होती. ते समोरच बघत होते, दिसत नसलं तरी.

"ही माझी नाय," ते म्हणाले. "माझी धूर सोडी." मग मान न वळवता, "ही इनासाची. चल रे, घराक."

मास्तरांचा पाय क्लचवरून सुटला. उभ्या घाटात न अडलेली गाडी सपाट रस्त्यावर एक हिसका देऊन बंद पडली. दुमिंगबाबांनी गिअर न्यूट्रलला घातला आणि हात तसाच ठेवून, भाऊ चष्मा पुसून होईपर्यंत, वाट बघत बसले.